विष्णुपुरीला एक चक्कर!

नांदेडला गेलात, की गुरुद्वाऱ्यात माथा टेकून लगेच परतीची गाडी पकडू नका. शहराबाहेर विष्णुपुरीला एक चक्कर माराच. इथे आहे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेत्याचं आणि स्थापनाही मुक्तिदिनाचीच, १७ सप्टेंबर १९९४!

आजूबाजूला मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. मोकळं माळरान, रणरणतं ऊन आणि जवळच धरणात अडवलेली गोदावरी. पण मी रमलो ते चहाच्या टेबलावर. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली, चारही जिल्ह्यांतली पोरं तिथे. ‘काय करायलास?’ हा इथला हाय-हॅलो!

संध्याकाळी सगळे धरणावर गेलो. पाण्याकडे बघत लातूरचा एक जण म्हणाला, ‘दादा, २०१६ मध्ये आमच्याकडं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं होतं.’ मग कुणीच काही बोललं नाही.

पुण्यातली रूम आणि मेस ज्यांना झेपत नाही, त्यांचं एमए, एमएस्सी इथेच होतं. आपल्यासाठी कॅम्पस म्हणजे टाइमपासच्या आठवणी. यातल्या कित्येकांसाठी मात्र घरच्यांनी शेतीच्या पैशांतून काढून दिलेली दोन वर्षं!