टायगरला वळण लावताना

सत्तरच्या दशकात मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये कुत्रं पाळायला फार विचार लागत नसे. कुणाच्या तरी कुत्रीला पिल्लं व्हायची, त्यातलं गुबगुबीत बघून एक पिशवीतून घरी यायचं आणि टायगर, मोत्या नाहीतर टॉमी व्हायचं. सामान म्हणजे चामड्याचा पट्टा, लोखंडी साखळी आणि जर्मनची थाळी. खायला शिळी भाकरी आणि उरलेली आमटी. वळण लावायला गुंडाळलेलं वर्तमानपत्र.

पद्धत घरोघरी तीच. पिल्लानं घरात शू केली की मान धरून नाक त्यात घासायचं. चप्पल कुरतडली की तीच चप्पल पाठीत. हाक मारून आला नाही, तर आल्यावर फटका. कोपऱ्यावरच्या घरातले, लष्करातून निवृत्त झालेले काका या विषयातला शेवटचा शब्द. ‘एकदा माज उतरवला की जन्मभर ऐकतंय,’ असं ते सांगायचे. आमच्या टायगरला हुकूम सगळे इंग्रजीत, ‘सिट’ आणि ‘शेकहँड’. मराठीत त्याच्या वाट्याला फक्त ‘हाड्’.

यात कुणी दुष्ट नव्हतं. टायगर आजारी पडला तेव्हा रात्रभर त्याच्या उशाशी बसले ते हेच काका. शाळेत मास्तरांची छडी होती, घरी वडिलांचा धाक होता. पोरांना जे माप, तेच कुत्र्याला.

आणि हे माप एकट्या मिरजेचंही नव्हतं. जर्मनीत पोलिसांची कुत्री तयार करणाऱ्या कोनराड मोस्ट यांनी १९१० साली सक्ती आणि साखळीचा हिसका यांवर आधारलेलं पुस्तक लिहिलं. अमेरिकेत डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी शिकवणारे विल्यम कोहलर यांच्या १९६२च्या पुस्तकात अंगणात खड्डे उकरणाऱ्या कुत्र्यावर उपाय आहे: खड्ड्यात पाणी भरा आणि त्याचं तोंड त्यात बुडवा. माज उतरवण्याला शास्त्राचाही टेकू मिळाला होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ साली मांडलेलं कळपातलं वर्चस्व कुत्र्यांनाही लावलं गेलं. डेव्हिड मेक यांच्या लांडग्यांवरच्या १९७०च्या पुस्तकानं वर्चस्व गाजवणाऱ्या ‘अल्फा’ची ही कल्पना घरोघर नेली. पुढे मेक यांनीच रानातल्या लांडग्यांवरून १९९९ साली सांगितलं की, कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तोवर अल्फा लोकांच्या तोंडी बसला होता.

टायगर या मारातून काय शिकला? आल्यावर फटका, म्हणजे येणं हाच गुन्हा. त्यामुळे हाक मारली की तो यायचा आणि बरोबर हात पोचणार नाही एवढ्या अंतरावर थांबायचा. फाटकी चप्पल सापडली की कान पाडून, शेपूट पायांत घालून तिरकं बघत बसायचा. ‘बघा, त्याला कळतंय काय केलंय ते,’ असं सगळे म्हणायचे आणि मारायला आणखी जोर यायचा. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेनं २००९ साली नेमकी हीच खात्री तपासली. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्ला की नाही, हे मालकाला कधी खरं, कधी खोटं सांगितलं. अपराधी चेहरा दिसला तो मालक रागावला की. खाऊला तोंडही न लावलेली कुत्री बोलणी खाताना तोच चेहरा करत होती. टायगरही पश्चात्ताप करत नव्हता. तो आमच्या हातातलं वर्तमानपत्र वाचत होता.

आता भाचीच्या पुण्यातल्या फ्लॅटवर कुत्र्याला शिकवायला एक तरुण मुलगी येते. कमरेला खाऊची थैली, हातात टिकटिक वाजणारा क्लिकर. पिल्लू टेकलं की त्याच क्षणी टिक, लगेच चिकनचा कण. उडी मारली तर पाठ फिरवायची, बोलायचं नाही. यामागे डॉल्फिन आहेत. साठच्या दशकात हवाईमध्ये कॅरेन प्रायर डॉल्फिन शिकवत. पाण्यातल्या त्या जनावराला साखळी घालता येत नाही, रागावलात तर ते टाकीच्या पलीकडच्या टोकाला निघून जातं. हाताशी उरते शिट्टी आणि मासळी. त्यातून आलेली समज प्रायर यांनी १९८४ साली पुस्तकात मांडली आणि नव्वदच्या दशकात ती क्लिकरच्या रूपानं कुत्र्यांपर्यंत पसरली. माराची मर्यादाही त्यातून दिसते. माराला एखादी गोष्ट थांबवता येते. स्फोटकं हुंगून काढायला कुत्रं मारून तयार होत नाही. १९९३च्या स्फोटांनंतर मुंबईत गाजलेल्या झंजीर या बॉम्बशोधक कुत्र्यासारखं काम कुत्र्याला स्वतःला करावंसं वाटावं लागतं. हुंगणारी कुत्री म्हणूनच चेंडूच्या किंवा खाऊच्या आमिषानं शिकवतात.

भाचीचं पिल्लू हाक मारली की धावत येऊन थेट पायावर आदळतं. टायगरनं असं कधी केलं नाही. तरीही मला टायगरच्या दिवसाचा हेवा वाटतो. सकाळी दार उघडलं की तो मालधक्क्यापर्यंत फिरून यायचा, वाटेत चार कुत्री भेटायची, दोन भांडणं व्हायची, दुपारी ओट्यावर आजीच्या पायाशी झोप. त्या मोकळेपणाचीही किंमत होती: रुळांवर मेलेली कुत्री, नगरपालिकेची गाडी, चावा घेतला तर पोटात चौदा इंजेक्शनं. ते दिवस परत यावेत असं कोण म्हणेल? पण सातव्या मजल्यावरचं हे पिल्लू नवरा-बायको ऑफिसातून येईपर्यंत बंद दाराकडे बघत बसतं आणि मग सोफा फाडतं.

शिकवणारी मुलगी म्हणते, फिरायला नेलं की त्याला ओढू नका, हवं तेवढं हुंगू द्या. खाणं थाळीत न देता घरभर लपवून ठेवा. ओळखीच्या कुत्र्यांत सोडा. म्हणजे टायगरला जे फुकट मिळत होतं, ते आता तिच्या वेळापत्रकात आहे. भाचीनं खाऊची थैली लगेच घेतली. हुंगत फिरायचा तास मात्र रोज सकाळच्या मीटिंगमध्ये जातो. पद्धत बदलायला आम्हाला पन्नास वर्षं लागली. सोफा वाचवायचा असेल, तर पुढचा धडा पिल्लाला नाही, भाचीला द्यावा लागेल.