दुधनेचा जमाखर्च

मराठवाड्याच्या प्रवासाला निघालेली मंडळी वेरूळ-अजिंठा पाहतात, पैठणला नाथांच्या समाधीचे दर्शन घेतात आणि फार तर औंढ्या नागनाथापर्यंत जाऊन परततात. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी नावाचे गाव आहे. तेथे मुद्दाम उतरणारा प्रवासी विरळाच! पण दिल्लीच्या केंद्रीय जल आयोगाच्या दप्तरात मात्र या गावाला मान आहे. गोदावरीच्या खोऱ्यात नद्यांचे पाणी मोजण्याची जी केंद्रे आहेत, त्यांच्या यादीत ‘नदी दुधना, ठिकाण झरी’ अशी नोंद आढळते.

दुधना ही काही स्तोत्रांतली नदी नव्हे. छत्रपती संभाजीनगरकडच्या डोंगरांतून निघावे, जालना जिल्हा ओलांडून परतूर, सेलू करीत परभणीच्या काळ्या रानात यावे आणि पूर्णेला मिळावे, एवढाच तिचा संसार. पुढे पूर्णा कंठेश्वरापाशी गोदावरीत शिरते आणि गोदावरी नांदेडला जाते. दुधनेला पूर आला की त्याची वर्दी पुढच्या गावांना वेळेवर हवी असते, ती यासाठी.

आता पाणी मोजायचे म्हणजे काय करायचे? पहिले काम पातळी पाहण्याचे. नदीकाठी आकडे घातलेल्या पट्ट्या रोवलेल्या असतात. आयोगाच्या शिरस्त्याप्रमाणे एरवी सकाळी ८, दुपारी १ आणि सायंकाळी ६ वाजता त्या वाचायच्या; पूर चढला की तासातासाला, मग रात्र असो की मुसळधार पाऊस. हा आकडा समुद्रसपाटीपासून धरतात. नांदेडच्या जुन्या पुलाची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोक्याची ३५४ मीटर, असे ऐकून गोदावरी तेवढी खोल आहे की काय, या शंकेने दचकू नये!

दुसरे काम अधिक नाजूक. पात्राचे आडवे भाग पाडायचे, प्रत्येकाची रुंदी व खोली घ्यायची आणि वाट्यांची चक्री असलेले वेगमापक यंत्र पाण्यात सोडायचे. यंत्र बहुधा पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवर धरतात. त्या थराचा वेग हा सरासरीच्या जवळ असतो. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. वीस मीटर रुंद, सरासरी एक मीटर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर चालणारा ओढा घ्या. त्यातून सेकंदाला दहा घनमीटर पाणी जाते. म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या दहा टाक्या दर सेकंदाला! हे गणित एकदाच करून भागत नाही. पुराने गाळ टाकला किंवा तळ खरवडला की तीच पातळी निराळा प्रवाह दाखवते. म्हणूनच पातळी टिपणारी स्वयंचलित यंत्रे आली तरी माणसाने पुन्हापुन्हा पाण्यात उतरून पडताळा घ्यावाच लागतो.

पण या कामाची खरी कसोटी पुरात लागत नाही, ती उन्हाळ्यात लागते. पूर सगळ्यांनाच दिसतो. पात्रात नुसती वाळू उरली की तेथे काय पाहायचे, असे कोणालाही वाटेल. परंतु नोंदवहीत त्या दिवशी शून्य लिहायचे असते, आणि तो शून्य पुराच्या आकड्याइतकाच मोलाचा असतो. केवळ पावसाळ्याचे आकडे धरले तर नदी श्रीमंत भासेल, त्या हिशेबावर धरण बांधले जाईल आणि मग ते रिकामे पडेल. पगाराचा दिवस तेवढा वहीत मांडून महिनाअखेर सोडून देणाऱ्या गृहस्थाची जी गत, तीच.

हा हिशेब घरापुरताही नाही. १९७५ साली महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याचा करार झाला आणि १९८० च्या बच्छावत लवादाच्या निवाड्यात तो आला. पैठण आणि सिद्धेश्वर या धरणांच्या खालच्या टापूत, पोचमपाडपर्यंत, महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० अब्ज घनफुटांची मर्यादा पडली. सिद्धेश्वराच्या खाली पूर्णेला मिळणारी दुधना याच टापूतली. सेलूजवळ तिच्यावर निम्न दुधना धरण उभे आहे. त्याचे दरवाजे उघडले की झरीची पट्टी बोलू लागते. वाटा ठरलेला असला म्हणजे मापही चोख हवे. नाहीतर भांडण आलेच.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस द्रोणाच्या मापाने मोजल्याचे सांगितले आहे आणि त्यात अश्मक देशाचाही उल्लेख आहे. अश्मक म्हणजे गोदाकाठचाच मुलूख, असे अभ्यासक मानतात. तिकडे इजिप्तमध्ये कैरोच्या रोडा बेटावर नवव्या शतकातला नाईलचे पाणी मोजण्याचा खांब अजून उभा आहे. नाईल किती चढली त्यावर तेथे शेतसारा ठरत असे.

याच मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला. २०१६ साली तहानलेल्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात येथलीच शेते पुराखाली गेली. अशा प्रदेशात आठवणीवर विसंबून चालत नाही. आठवण मोठे पूर आणि मोठे दुष्काळ तेवढे जपून ठेवते; मधले साधे दिवस जपायला वहीच लागते. देवगिरी एक्सप्रेसने कधी परभणीला उतरलात, तर जिंतूरच्या वाटेवर दुधनेकाठी जरा थांबा. पाणी असेल तर पाहा. नसेल, तरी ते नाही हे तिथे कोणीतरी लिहून ठेवत आहे, एवढे ध्यानात असू द्या.