दवा, दुवा आणि साखळी

आमची फुफी हसरी-बोलकी बाई. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती गप्प झाली. रात्रभर जागायची, तान्ह्या मुलाला जवळ घ्यायची नाही. मोहल्ल्याने ठरवले, "असर हुआ है." तिला दूरच्या एका दर्ग्यावर नेऊन ठेवले. अब्बांसोबत आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिच्या पायात साखळी होती. आम्ही सहावीत होतो. विचारले, "दवाखान्यात का नेत नाही?" अब्बा म्हणाले, "पागलखाने में? वहाँ से कोई वापस आया है क्या?"

पुढे बरीच वर्षे आम्ही अब्बांना अडाणी समजलो. बी.एड.ला मानसशास्त्राचा पेपर होता. त्यात फ्रॉइड होता, स्किनर होता. फुफी कुठेच नव्हती. वाचन वाढले तेव्हा कळले की अब्बांच्या भीतीमागे इतिहास होता. इंग्रजांनी १८५८ मध्ये वेड्यांसाठी कायदा केला, १९१२ मध्ये दुसरा. उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यावर त्यांचा भर. आत टाकायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम, धरून आणायला पोलीस, भोवती उंच भिंती. स्वतंत्र भारतानेही १९१२ चा तो कायदा १९९३ पर्यंत चालवला. मग लोकांना इस्पितळ तुरुंग वाटले तर नवल काय?

पण दोष सगळा इंग्रजांचा नाही. उदासीच्या आजाराला आपल्या हकिमांकडे 'मालीखोलिया' असे नाव होते. इब्न सीनाने त्यावर सविस्तर लिहिले आहे. हा आजार आहे, त्याला औषध आहे, हा विचार आपल्याच घरातला. तो आपण विसरलो आणि आमिलाचा दरवाजा ठोठावत बसलो.

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडीत दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ती बातमी वाचून अब्बा त्याच आठवड्यात फुफीला घरी घेऊन आले.

डॉक्टरांनी विचारले, "उदास वाटते का?" ती म्हणाली, "नहीं. दिल डूबता है, सर में भाप चढ़ती है." डॉक्टर गोंधळले. त्यांच्या पुस्तकातली उदासी आणि फुफीची भाप एकच, हे समजायला तीन भेटी लागल्या. दादीने बांधलेला तावीज त्यांनी काढायला लावला नाही. गोळ्या इशाच्या नमाजनंतर घ्यायच्या, असे ठरले. फुफी सावरली. पण तोवर तिचा मुलगा चाचीलाच अम्मी म्हणू लागला होता. ती वर्षे कोण परत देणार?

गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर आणि डॉक्टर एकत्र आले, 'दवा आणि दुवा' सुरू झाली. २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळी घालण्यास मनाई केली. पण कायदा आपल्या पायाने मोहल्ल्यात येत नाही. तो आम्हा शिकलेल्यांनीच न्यायला हवा. दर्ग्यावर जरूर जा, दुवा मागा. मात्र येताना माणसाला तिथे बांधून येऊ नका.