हुशारी

आईच्या खाटेच्या पायथ्याशी टांगलेल्या तक्त्यावर सिस्टरने पहाटे एक इंग्रजी अक्षर लिहिलं, 'ए'. म्हणजे 'अलर्ट'. दोन दिवस तिथे 'व्ही' होता, हाक मारली तरच डोळे उघडणारा. त्याच्याखाली 'पी', चिमटा काढल्यावरच हलणारा. आणि तळाला 'यू', कशालाच ओ न देणारा. जागेपणाच्या या चार पायऱ्या.

'अलर्ट' सगळ्यात वर असावा, हे त्याच्या कुळाला शोभतं. इटालियनमध्ये 'एर्ता' म्हणजे उभी चढण. टेहळणीसाठी उंचावर जा, ही पहारेकऱ्याला घातलेली हाक 'आल्लेर्ता'. फ्रेंचमधून ती इंग्रजीत आली, सोळाव्या शतकाच्या अखेरीस.

पावसाळ्यात फोनवर रोज हवामानाचे यलो, ऑरेंज, रेड 'अलर्ट' पाहून मला या शब्दाची धास्तीच बसली होती. पण विशेषण म्हणून तो किती टवटवीत आहे! नव्वदीतल्या आजोबांना इंग्रजीत 'अलर्ट' म्हणतात, तेव्हा त्यात धोक्याचा मागमूस नसतो. आवाजासरशी वळणारी मान असते, डोळ्यांतली चमक असते. 'व्हिजिलंट' माणूस डोळ्यांत तेल घालून बसलेला, त्याला जागरणाचा शीण आहे. 'अलर्ट'ला तो नाही.

मराठीत काय म्हणावं? 'सतर्क' सरकारी फलकावरचा. 'सावध' जवळचा, मूर्च्छेतून माणूस सावधच होतो. पण ती नुसती डोळे उघडण्याची घटका. त्यापुढची तरतरी त्यात येत नाही.

मग आठवला 'हुशार'. फारसीतला 'होश' म्हणजे शुद्ध, भान. शाळेने त्याला पहिल्या नंबराशी बांधून टाकलं, त्याआधी तो पहाऱ्याचा शब्द होता. रात्रीच्या अंधारात घुमणारा, 'हुश्शार!' आणि आजारातून उठणाऱ्याचाही. तापातून उठलेली आजी पेजेचे चार घोट घेऊन म्हणायची, "आता जरा हुशारी वाटतेय गं." चढणीवरच्या पहाऱ्यापासून रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला 'अलर्ट'ला तीन भाषा लागल्या. आमच्याकडे पहारेकरी आणि रुग्ण एकाच शब्दात शेजारी राहत होते, आणि मला आठवायला आईचं दुखणं यावं लागलं.

उजाडलं तेव्हा आईने मान वळवून खिडकीकडे पाहिलं.

"पाऊस थांबला का गं?"

"नाही अजून."

"मग गॅलरीतले कपडे?"