अब्बांच्या मुठीचा रॉड

गरवायचा रॉड विकत घेताना माणूस पहिल्यांदा त्याचे टोक हलवून बघतो. किती लवतो, किती लांब आहे, वजनाला कसा आहे, एवढेच पाहिले जाते. जिथे रील बसते आणि मूठ पडते, त्या जागेकडे सहसा कोणी बघत नाही. तिला रील सीट म्हणतात. वीतभरही नसलेली एक नळी. तिच्या एका टोकाला पक्की टोपी, दुसऱ्या टोकाला आटे, आणि आट्यांवर नटाने पुढे-मागे होणारी सरकती टोपी. रीलचा पाय या दोन टोप्यांमध्ये अडकवायचा आणि नट आवळायचा. काम एवढेच, पण मासा ओढू लागला की सगळा ताण या एवढ्याशा जागेतून हातात उतरतो. आम्हा भावंडांना हे कळले ते अब्बांचा उजवा हात कमजोर झाल्यावर.

अब्बांची वीसेक वर्षे कुवेतला गेली. जुम्याची सुटी असे. नमाज, जेवण, आणि मग किनारा. कायमचे परत आले तेव्हा सामानात तिथली एक जुनी रीलही होती. दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीवर त्यांची जागा ठरलेली होती, धोपाव्याच्या फेरीबोटीची वर्दळ चुकवून जरा बाजूला. मग अर्धांगाचा झटका आला. चालणे-बोलणे अल्लाहच्या मेहेरबानीने सावरले, पण उजव्या हाताची बोटे अर्धवटच मिटतात. सडपातळ वस्तू त्यांच्या मुठीत राहत नाही. जुना रॉड हातात गरकन फिरायचा आणि रील आडवी व्हायची. आम्ही म्हटले, डाव्या हाताने धरा. अब्बा म्हणाले, "जेवतो उजव्या हाताने, देतो उजव्या हाताने. गरवताना तेवढा त्याला पेन्शनीत काढू काय?" व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांचेही म्हणणे तेच होते की, हात कामात ठेवा. अम्मीला मात्र पाण्याच्या काठाची धास्ती होती.

तयार रॉड कोणा एकासाठी बनत नाही. हल्ली सगळ्यांना हलका रॉड हवा असतो, म्हणून सीटही बारीक बसवतात, सोळा-सतरा नंबरची. नंबर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचे माप, साधारण मिलिमीटरमध्ये. धडधाकट हाताला ती छानच. आम्ही नळकाम करणाऱ्याकडून पाइपांचे तुकडे आणले, बारीक ते जाड, आणि अब्बांच्या हातात एकेक देऊन पाहिला. बारीक तुकडा ओढला की सुटायचा. एक इंचाच्या आसपास जाडी आली तेव्हा बोटे अर्धवट मिटूनही पकड बसली, आणि ओढणारा धाकटा भाऊच पुढे आला. त्या दिवशी ठरले की रॉड घरीच बांधायचा. कार्बनची सात फुटी कांडी मुंबईहून मागवली आणि सीट घेतली २० नंबरची. जाणकार हसले असते. त्या कांडीला १७ची पुरली असती. पण सीट कांडीसाठी घेत नव्हतो, अब्बांसाठी घेत होतो. कुवेतच्या रीलचा पाय जाडजूड आहे, तो टोपीत नीट शिरतो की नाही हेही आधी पाहिले.

पुढचा प्रश्न, सीट कांडीच्या बुडापासून किती अंतरावर? उभ्या माणसाचे माप इथे उपयोगाचे नव्हते, कारण अब्बा खुर्चीवर बसून गरवणार. बूड लांब ठेवले तर खुर्चीच्या हाताला आदळेल, आखूड ठेवले तर सगळा भार मनगटावर येईल. अब्बांना त्याच खुर्चीत बसवून बहिणीने शिवणकामाच्या टेपने मुठीपासून कोपरापर्यंत मोजले. १४ इंच भरले. बूड कोपराच्या जरासे मागे जाईल असे ठेवले, म्हणजे मासा ओढेल तेव्हा रॉडचा मागचा भाग हाताला खालून टेकेल आणि मनगटाचे ओझे कोपर उचलेल.

स्पिनिंग रील रॉडच्या खाली लटकते. तिचा पाय सहसा बोटांच्या मध्ये घेतात, दोन बोटे पुढे, दोन मागे. अब्बांना बोटे फाकवता येत नाहीत, त्यामुळे चारही बोटे पायाच्या पुढे येतात. आटे पुढच्या बाजूला आले असते तर तासाभरात बोटे सोलली असती. म्हणून सीट अशी फिरवली की पक्की टोपी पुढे, आटे आणि नट मागे. बोटांखाली सगळे गुळगुळीत.

आता खरी मेहनत. कांडी त्या जागी १३ मिलिमीटर आणि सीटची पोकळी २०, म्हणजे चहूबाजूंनी साडेतीन मिलिमीटरची फट. ती नुसत्या गोंदाने भरत नाहीत. सीट एका बाजूला कलते, आणि पुढे केव्हा तरी भर ओढीत हलू लागते. थोडी फट असेल तर कागदी चिकटपट्टीची वेटोळी मध्ये अंतर सोडून गुंडाळतात, म्हणजे मोकळ्या जागेत गोंद थेट कांडीला धरतो. आमची फट मोठी होती, म्हणून कडक फोमची पोकळ बुशिंगे घेतली. कांडी बुडाकडे जाड आणि टोकाकडे बारीक, त्यामुळे प्रत्येक बुशिंग आतून गोल कानशीने वेगवेगळे घासावे लागले. घासायचे, घालून बघायचे, काढायचे. दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. आणि हे सगळे टोकाकडून ओवून खाली आणायचे असते, आधी मागची फोमची मूठ, मग सीट. हा क्रम उलटा चालत नाही.

गोंद दोन ट्यूबांचा इपॉक्सी, दोन्ही समसमान. पाच मिनिटांत सुकणारा नको, सावकाश धरणाराच हवा. आमच्या दमट-उकाड्यात तोही लवकर घट्ट होऊ लागतो. डबा उघडण्याआधीच अम्मीने दटावले, "हातमोजे घाला. नखांवर सुकला तर वुजूचे पाणी पोचायचे नाही." आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात हे आले नव्हते. आट्यांवर चिकटपट्टी लावून ठेवली, कारण तिथे गोंद गेला तर नट कायमचा गेला. कांडीची लकाकी बारीक पॉलिश पेपरने उतरवली, स्पिरिटने पुसली, आणि इशानंतर काम सुरू केले.

बुशिंगांवर आतबाहेर गोंद लावून सीट फिरवत फिरवत जागेवर आणली. फिरवल्याने गोंद सगळीकडे पसरतो, हवा अडकत नाही. बाहेर आलेला गोंद लगेच स्पिरिटच्या फडक्याने पुसला. मग रील चढवून एक डोळा मिटून बुडाकडून टोकाकडे पाहिले. तंगूस ज्या कड्यांतून जाणार, त्यांची रेघ कांडीवर आधीच मारलेली होती. रीलचा पाय त्या रेघेत हवा. जरासा डावीकडे होता. तो सरळ केला आणि रील हलकेच उतरवली. अर्ध्या तासाच्या आत जे करायचे ते करायचे, नंतर ती सीट कोणाचे ऐकत नाही. कांडी कपाटाला टेकवून दुसऱ्या दिवशीच्या इशापर्यंत कोणी हात लावायचा नाही, असे ठरले. अब्बांनी फजरनंतर लावलाच. फक्त बोटाने, म्हणाले.

कडी बांधण्यात आणखी आठवडा गेला. दिवस अब्बांनीच निवडला, चांदाची आठ तारीख. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण त्यांच्या हाताला झेपणार नाही. आठ आणि बावीसच्या आसपास भांग असते, पाण्याला ओढ कमी. अम्मीने परवानगी दिली, पण खुर्चीचा मागचा पाय जेटीवरच्या लोखंडी खुंट्याला बांधायचा या अटीवर. दोरी तिनेच दिली.

पहिला फेक जेमतेम पंधरा पावलांवर पडला. डाव्या हाताने बूड ढकलायचे, उजव्याने नुसती दिशा द्यायची, ही सवय व्हायला वेळ लागला. असरच्या अजानच्या थोडे आधी एक शेंगाळा लागला, हाताएवढा. त्याने बाजूला ओढ घेतली तेव्हा आम्ही तिघेही अब्बांच्या मुठीकडेच बघत होतो. रॉड फिरला नाही. रील खालीच राहिली.

नट मात्र अब्बा कोणाला आवळू देत नाहीत. उजव्या हाताने आवळतात. तीन-चार मिनिटे लागतात, तोवर आम्ही आमिष लावून ठेवतो.