दांतावरील टोपी

‘दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत,’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं किडलेला दांत उपटून टाकण्यावांचून गत्यंतर नसे. आतां तो आंतून स्वच्छ करून, बाहेरून कोरून, त्यावर टोपी चढवितात. दंतवैद्य तिला क्राउन म्हणतात. घरोघरीं ती कॅप या नांवानें ओळखली जाते. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनीं १८८९ सालीं संपूर्ण पोर्सेलीनच्या टोपीचें पेटंट घेतलें. पुढें धातूवर पोर्सेलीन चढविलेली व अलीकडे झिर्कोनियाची टोपी प्रचारांत आली. आज आपल्या ओळखीच्या घरांपैकीं अशी एखादी तरी टोपी नसलेलें घर विरळाच.

परंतु टोपी बसली म्हणजे त्या दांताची काळजी कायमची मिटली, असा जो समज सर्वत्र आढळतो, तो खरा नव्हे. टोपीस कीड लागत नाहीं हें खरें; पण तिच्या आंतील दांत आपला स्वतःचाच असतो व त्यास कीड लागते. जेथें टोपीची कड संपून हिरडीपाशीं मूळचा दांत सुरू होतो, त्या रेषेवर अन्नाचे कण व जंतूंचा थर सांचतो. तेथून कीड आंत शिरली, अथवा टोपी चिकटविण्याचें सिमेंट वर्षानुवर्षांच्या लाळेनें व चावण्याच्या ताणानें झिजलें, कीं टोपी हलूं लागते. ज्या दांताचें रूट कॅनॉल झालें आहे, त्यास किडीची वेदना सहसा कळत नाहीं. तेव्हां आंतील बिघाडाची वर्दी पुष्कळदां या हलण्यानेंच मिळते. ती वर्दी ऐकून न ऐकल्यासारखी करणें हेंच सर्व अनर्थाचें मूळ होय.

आमच्या आत्याबाईंचें वय बाहत्तर. गेल्या संक्रांतीस तिळाची वडी चावतांना त्यांची टोपी सैल झाली. त्यांनीं ती जिभेनें पुन्हां जागेवर बसविली व कोणास कांहींच सांगितलें नाहीं. घरांत एकाची परीक्षा, दुसरीच्या लग्नाचीं बोलणीं. ‘पिकल्या पानाच्या दांतावर पैसा कशाला घालवावयाचा?’ असा त्यांचा हिशेब. चौथ्या दिवशीं आमच्या धाकट्या मुलीच्या लक्षांत आलें कीं, आत्याआजी भाकरी दुधांत कुस्करून एकाच बाजूनें खात आहे. “आत्याआजी, तुझा दांत दुखतो का ग?” तिनें विचारलें. “दुखत नाहीं ग बाळ, नुसता हलतो,” असें उत्तर मिळालें आणि सारा प्रकार बाहेर आला.

दंतवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं, कीड नुकती कोठें कडेशीं लागली आहे. तेवढी काढून त्यांनीं तीच टोपी पुन्हां चिकटविली. नवीन टोपीचा खर्च वांचला. उशीर झाला असता, तर कीड मुळांत उतरून दांतच काढावा लागला असता. टोपी बाहेर बरेच दिवस राहिल्यास शेजारचे दांत किंचित् सरकतात व मग तीच टोपी त्या जागीं बसेनाशी होते, असेंही ते म्हणाले. परंतु खरें भय निराळेंच होतें. सैल टोपी तोंडांत ठेवूनच आत्याबाई रात्रीं निजत होत्या. झोंपेंत ती श्वासनलिकेंत गेली असती, तर प्रसंग जिवावर बेतला असता!

यास्तव टोपी निघाल्यास ती पाण्यानें धुऊन झांकणाच्या डबींत ठेवावी. कागदाच्या पुडींत ठेविल्यास ती केरांत जावयाची. टोपी नुसतीच हलत असल्यास ओढून काढूं नये. त्या बाजूनें चावणें बंद करून त्याच दिवशीं दंतवैद्यास कळवावें व रात्रीं निजण्यापूर्वीं काय करावें तेंही त्यांसच विचारावें. उघडा पडलेला दांत मऊ ब्रशानें हलकेच स्वच्छ ठेवावा, आणि अति गरम व अति गार पदार्थ टाळावे. फेव्हिक्विकसारखें घरगुती चिकटद्रव्य कदापि वापरूं नये; त्यानें हिरडीस इजा होते व टोपी वांकडी बसून दुरुस्तीच्या पलीकडे जाते. टोपी गिळली गेल्यास ती बहुधा शौचावाटे पडून जाते, तथापि डॉक्टरांस कळवावें. मात्र खोकला किंवा धाप लागल्यास क्षणाचाही विलंब न करितां रुग्णालय गांठावें.

नित्याची निगा साधीच आहे. दिवसांतून दोन वेळां फ्लोराइडयुक्त पेस्टनें दांत घांसावे व ब्रश टोपीच्या कडेवरून अवश्य फिरवावा. जेवणानंतर चूळ भरण्याची आपली चाल उत्तम, पण दोन दांतांमधील फटीपर्यंत तिची मजल जात नाहीं. तेथें दोरा किंवा फटींचा बारीक ब्रशच पाहिजे. सुपारी, बर्फ, चिक्की व फणसपोळी यांपासून टोपीचा दांत दूर ठेवावा. झोंपेंत दांत खाण्याची संवय असल्यास दंतवैद्यांकडून रात्रीं घालावयाचें आवरण करून घ्यावें. कांहीं दुखत नसलें तरी दंतवैद्यांनीं नेमून दिलेल्या मुदतीस तपासणी करून घ्यावी.

हें सर्व ज्यानें त्यानें करावयाचें खरें. पण एकत्र कुटुंबांत एक कर्तव्य इतरांकडेही येतें. वडील माणसें आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहींत, याची आपण सहनशीलता म्हणून वाखाणणी करितों. त्या सहनशीलतेची किंमत त्यांस आपल्या आहारानें द्यावी लागते, हें मात्र विसरतों. चावतां येईना म्हणजे आधीं भाकरी सुटते, मग उसळी सुटतात आणि अखेर शक्ति जाते. म्हणून पंगतींत वाढतांना एखाद्या वृद्धानें चकली नको म्हटलें, तर ‘पथ्य असेल’ असें समजून पुढें जाऊं नये. क्षणभर थांबून विचारावें.