संध्याकाळ ज्याची, रिमोट त्याचा



वयाची पंचाहत्तरी ओलांडलेले रुग्ण दवाखान्यात येतात, तेव्हा रक्तदाब, साखर, भूक आणि झोप यांची चौकशी झाल्यावर मी आणखी एक प्रश्न हटकून विचारतो : "संध्याकाळ कशी घालवता?" या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही रक्ततपासणीत मिळत नाही, परंतु त्या माणसाचे पुढचे वर्ष कसे जाणार, याचा अंदाज मला पुष्कळदा त्यातूनच येतो. कुणी पोथी वाचते, कुणी कट्ट्यावर जाते, कुणी नातवंडांचा अभ्यास घेते. ज्यांचे गुडघे आणि डोळे या गोष्टींना साथ देत नाहीत, त्यांची संध्याकाळ बहुधा टीव्हीसमोर जाते. म्हणून टीव्हीला जोडावयाचे यंत्र निवडणे हा विषय आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. आरोग्याच्या पाक्षिकात ब्लू-रे प्लेअरचे काय काम, असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण एका रुग्णाच्या हकिकतीतून सांगतो.

एकोणऐंशी वर्षांचे एक निवृत्त मुख्याध्यापक अनेक वर्षे माझ्याकडे येतात. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे राहावयास आले. काही महिन्यांनी मुलगा काळजीच्या सुरात म्हणाला, "डॉक्टर, बाबांना आता कशातच रस उरलेला नाही. पूर्वी रोज रात्री जुना चित्रपट नाही तर नाटक लावायचे. आता नुसते खुर्चीत बसून असतात. मनाच्या आजाराची गोळी सुरू करावी का?" मी थायरॉइड आणि बी-१२ तपासले, स्मरणशक्तीच्या साध्या चाचण्या घेतल्या. वयाच्या मानाने सारे ठीक होते. मग सरांनाच विचारले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "काही पाहायचे तर मला कुणाला तरी हाक मारावी लागते. सूनबाई दिवसभर काम करून दमून आलेली असते. रोज तिला कशाला त्रास?"

उलगडा झाला. त्यांचा जुना डीव्हीडी प्लेअर बिघडला होता. मुलाने मोठ्या मायेने इंटरनेटवरील चित्रपटही दाखवणारा नवा ब्लू-रे प्लेअर आणला होता. मात्र तो सुरू करण्यास दोन रिमोट लागत, टीव्हीवर योग्य इनपुट निवडावे लागे आणि पडद्यावर चौकोनी चित्रांची रांग उभी राही. सरांच्या कपाटातील शंभरेक डिस्क तशाच पडून होत्या. रस संपणे ही एक गोष्ट आणि साधन हातून सुटणे ही दुसरी. बाहेरून मात्र दोन्ही सारख्याच दिसतात. मुलाने यंत्र तेच ठेवले. प्लेअर सुरू होताच टीव्ही आपोआप त्याच्याकडे वळेल अशी जोडणी करून घेतली, डिस्क घातली की चित्रपट थेट सुरू होईल असे पाहिले आणि दुसरा रिमोट खणात ठेवून दिला. तीन आठवड्यांनी सर आले, ते आदल्या रात्री पाहिलेल्या नाटकातील नटाच्या उच्चारांवर टीका करीतच. गोळीची गरज पडली नाही. अडचण दूर करूनही दोन-तीन आठवडे मन उदास राहिले, भूक आणि झोप बिघडली, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवावे. वार्धक्यातील नैराश्य हा खरा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

तेव्हा यंत्र निवडताना माझी कसोटी एकच आहे : घरातील ज्येष्ठ व्यक्तीला ते कुणालाही हाक न मारता सुरू आणि बंद करता आले पाहिजे. बाकीचे सारे गुण त्यानंतर.

दुकानात जाण्यापूर्वी घरातील कपाट उघडा. डिस्क कोणत्या आहेत ते पाहा. व्हीसीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांवरील नोंदी वाचणारे किरण वेगळे असतात. डीव्हीडीसाठी लाल, तर ब्लू-रेसाठी निळसर-जांभळा लेसर वापरतात. निळसर किरण अधिक बारीक खुणा वाचू शकतो. म्हणून एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मजकूर मावतो, तर तेवढ्याच आकाराच्या ब्लू-रे डिस्कमध्ये २५ जीबी. ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो. डीव्हीडी प्लेअर मात्र ब्लू-रे चालवू शकत नाही. व्हीसीडीचे तसे नाही : काही ब्लू-रे प्लेअर ती स्वीकारतात, काही नाकारतात. आपल्याकडील कित्येक जुनी मराठी नाटके आणि लग्नसमारंभांची चित्रणे व्हीसीडीवरच आहेत. म्हणून घरातील एकेक डिस्क पिशवीत घालून दुकानात न्या आणि ती लावून पाहा. सारा संग्रह व्हीसीडी-डीव्हीडीचाच असेल आणि नवे काही विकत घ्यावयाचे नसेल, तर साधा डीव्हीडी प्लेअर पुरतो. ब्लू-रेसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही. लग्नाच्या, मुंजीच्या डिस्क मात्र कायमच्या टिकत नाहीत. त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर काढून घ्या आणि प्लेअरला पेन ड्राइव्हची खाच आहे ना, हेही पाहा.

परदेशी असलेली मुले आठवणीने डिस्क पाठवतात. त्यांवर प्रदेशाचे बंधन असू शकते. भारतासाठी डीव्हीडीचा प्रदेश ५ आणि ब्लू-रेचा प्रदेश सी आहे. अमेरिकेचे अनुक्रमे १ आणि ए. तेथे विकत घेतलेली डिस्क येथील प्लेअरने नाकारली, तर यंत्र बिघडले असे समजू नका. मुलांना एवढेच कळवा की, पाठवण्यापूर्वी वेष्टनावरील प्रदेशखूण पाहावी.

आता इंटरनेटवरील चित्रपटांविषयी. स्वस्त प्लेअरमध्ये ही सोय असते, पण तिचे आयुष्य डिस्क चालवण्याच्या सोयीपेक्षा कमी असते. डिस्क वाचणारा भाग कुणाच्याही परवानगीविना वर्षानुवर्षे चालतो. त्यातील अ‍ॅप मात्र कंपनीने वेळोवेळी अद्ययावत केले तरच चालतात आणि जुन्या यंत्रांसाठी ते काम हळूहळू थांबते. शिवाय ही बाजारपेठ आकसते आहे. सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर न आणण्याचे २०१९ मध्येच जाहीर केले. म्हणून माझा सल्ला असा : टीव्ही आधीच स्मार्ट असेल, तर प्लेअरमधील अ‍ॅपसाठी जादा पैसे देऊ नका. टीव्ही साधा पण एचडीएमआय खाच असलेला असेल, तर प्लेअर वेगळा आणि इंटरनेटवरील चित्रपटांसाठी टीव्हीच्या मागे लावावयाची छोटी स्टिक वेगळी, हा मार्ग बरा. एक निकामी झाले तरी दुसरे चालू राहते. दोन्ही एकाच यंत्रात हवे असेल, तर आपण पाहता ती अ‍ॅप त्यावर आज चालतात का, हे दुकानात प्रत्यक्ष लावून बघा. खोक्यावरील चित्रांवर विसंबू नका. इंटरनेटचा वेग स्पष्ट चित्रासाठी ५ एमबीपीएसच्या आसपास पुरेसा होतो. जवळपास दुरुस्तीची सोय आणि किमान एक वर्षाची हमी आहे का, हेही विचारावे.

टीव्हीची पाठही एकदा पाहा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन वायरींचाच जुना टीव्ही असेल, तर हल्लीचे ब्लू-रे प्लेअर त्याला सरळ जोडता येत नाहीत. त्यांत चित्रासाठी केवळ एचडीएमआय असते. अशा टीव्हीला डीव्हीडी प्लेअरच सोयीचा. आणि मोतीबिंदू पिकत आलेल्या किंवा पडद्याचा विकार असलेल्या डोळ्यांना अतिसूक्ष्म चित्राचा फारसा लाभ होत नाही. तो पैसा आधी डोळ्यांच्या तपासणीवर खर्च करावा.

चित्रापेक्षा मी रिमोटकडे अधिक लक्ष देईन. संधिवाताने बोटे आखडली असतील, हात कापत असेल, तर पातळ आणि गुळगुळीत रिमोट हातातून निसटतो. बटणे मोठी, एकमेकांपासून दूर आणि अंधारात बोटांना जाणवतील अशी हवीत. न लागणाऱ्या बटणांवर कागदी चिकटपट्टी लावा. सुरू करण्याच्या बटणावर रंगीत ठिपका चिकटवा. शक्यतो पेन्सिल सेलवर चालणारा रिमोट घ्या. नाण्यासारखे चपटे सेल लहान मुलाने गिळले, तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. घरात नातवंडे असतील, तर ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

कानांचे दुखणे निराळे आहे. वयानुसार प्रथम उंच पट्टीचे ध्वनी कमी ऐकू येतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने त्याच पट्टीतली. म्हणून आजोबा म्हणतात, "ऐकू येते, पण कळत नाही." आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येते आणि संवाद तरीही कळत नाहीत. कित्येक प्लेअरमध्ये मोठे आणि हळू आवाज एका पातळीवर आणणारी सोय असते. 'नाइट मोड' किंवा तत्सम नावाखाली ती शोधा आणि सुरू करून ठेवा. खुर्चीजवळ एक छोटा स्पीकर ठेवला, तर घरभर आवाज न होता संवाद स्पष्ट होतात. मोठ्या अक्षरांतील उपशीर्षकेही उपयोगी पडतात. आणखी एक बारीकशी गोष्ट : 'श्यामची आई' (१९५३) सारखे जुने चित्रपट चौकोनी चौकटीचे आहेत. रुंद टीव्ही ते ताणून दाखवतो आणि माणसे बुटकी, जाडी दिसतात. चित्राचा आकार 'मूळ' किंवा ४:३ वर ठेवला की ओळखीचे चेहरे पुन्हा ओळखीचे होतात.

जोडणी करताना वायर चालण्याच्या वाटेवरून नेऊ नका. वायरीत पाय अडकून खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. चित्रपटापायी ती किंमत कुणीही मोजू नये. वायर भिंतीलगत पट्टीने बसवा, संध्याकाळी खोलीत मंद दिवा राहू द्या. पॉजचे बटण आधी शिकवा. लघवीला वारंवार जावे लागणाऱ्या वृद्धांना "दृश्य चुकेल" या घाईत पडण्याची भीती असते. चित्रपट थांबतो हे ठाऊक झाले की ते सावकाश उठतात. तासाभराने उठून दोन फेऱ्या घालाव्यात, बसल्या बसल्या पावले वरखाली हलवावीत. पायांवरची सूज त्याने कमी राहते.

इंटरनेट घरात आले की लबाडीही दारात येते. प्लेअर किंवा अ‍ॅप "सुरू करून देतो" म्हणून पैसे, कार्डचा क्रमांक किंवा ओटीपी मागणारा फोन आला, तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. अ‍ॅपवर विकत घेण्याचे बटण पिनने बंद करून ठेवणे हे काळजी घेणाऱ्यांचे काम.

डिस्कचा एक गुण मला वैद्यक म्हणून विशेष वाटतो : ती संपते. अ‍ॅपवर एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो आणि साडेदहाची झोप एक वाजेपर्यंत लांबते. ही आपोआप पुढे जाण्याची सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, ती करा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही डिस्क पुष्कळदा सोपी जाते. खण उघडणे, तबकडी ठेवणे, खण ढकलणे ही हातांची सवय नव्या गोष्टींच्या मानाने उशिरा विसरली जाते आणि ओळखीची गाणी मनाला स्वस्थता देतात. अशा घरात चार-पाच आवडत्या डिस्कच समोर ठेवा. पन्नास ठेवल्या तर गोंधळ होतो.

शेवटी काळजी घेणाऱ्यांना एक विनंती. शिकवताना रिमोट त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. आपले बोट चपळ असते आणि "द्या, मी लावतो" हे शब्द तोंडून सहज निघतात; पण तेवढ्यानेच शिकणे थांबते. चार पायऱ्या मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहा, खुर्चीजवळ लटकवा, आणि सलग तीन-चार दिवस त्यांनाच करू द्या. यंत्र परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक परीक्षा घ्या : डिस्क आणि रिमोट आईच्या किंवा बाबांच्या हाती द्या, स्वयंपाकघरात जा आणि दहा मिनिटे हाक मारू नका. आतून संवाद ऐकू आले, तर यंत्र ठेवा. ऐकू आले नाहीत, तर दुकानदाराने कितीही गुण सांगितले असोत, दुसऱ्या दिवशी ते परत करून अधिक साधे आणा.